झाडून घेतलेलं शेत

"अहो, थांबा! थांबा म्हणते ना... तण न्हाय ते!"

डोक्यावरची पाटी सावरत रुद्रम्मा बांधावरून ओरडत पळाली. परक्या तरुणानं बैलांचे कासरे ओढले, पण तोवर उशीर झाला होता. कोळपं सहा ओळी, सहा तासं फिरलं होतं आणि सहा तासांतला कोवळा चाकवत मुळासकट आडवा झाला होता.

त्यानं एक रोप उचलून नाकाशी नेलं. "आमच्या लोहाऱ्याकडं ह्याला चाकवत म्हणतेत. गव्हात आला की उपटून टाकतेत."

"आमच्या जळकोटातबी चाकवतच म्हणतेत. म्या पेरलाय."

"पेरलाय? चाकवत?" तो हसला. मग तिच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं दिसलं आणि हसणं तसंच गालात अडकून बसलं. "म्हंजी... माझं चुकलंच की."

तो शांतलिंग. शेजारच्या सिद्धलिंगमामांचा भाचा. सावडीचा दिवस होता. एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबायची पद्धत, म्हणून मामांनी त्याला बैलांसकट पाठवलेला. रुद्रम्माचे वडील, गुरुलिंगआप्पा, गुडघे धरून घरात बसलेले. मग पीक कोणतं आणि तण कोणतं, हे त्या बिचाऱ्याला सांगणार कोण? त्यातून तिनं बी ओळीत न पेरता फोकून टाकलेलं. चांगल्या शेतकऱ्यानं जे करायला हवं तेच त्यानं केलं होतं, आणि नेमकं तेच नको होतं.

"सहा तासं आडवी केली," तो डोक्याचं मुंडासं सोडत म्हणाला, "सहा तासं उभी करून देतो. रोज सकाळी येतो."

"तुमाला काय रिकामपण हाय का?"

"येळवशीच्या अवसंपतूर हाय."

निजामाच्या राज्यातलं ते एकोणीसशे पंचेचाळीस साल. पावसानं त्या वर्षी तोंड दाखवलं आणि लगेच फिरवलं. प्रेमकथेत पाऊस लागतो म्हणतात. या दोघांना तो मिळाला नाही. त्यांना मिळाली एक घागर, आणि तिच्यामागं एक मोठी थाप.

कारण रुद्रम्माचं रान चोपण होतं. माती खारी, विहीरही खारी. ज्वारी पिवळी पडायची, करडई वीतभर वाढून थांबायची. पाणी नसतानाही ऐटीत वाढायचा तो एकटा चाकवत. तीन वर्षं हे बघून तिनं त्याचंच बी राखलं आणि या साली अर्धं रान त्याला देऊन टाकलं. दाणा बारीक, कडवट. पाण्यात चोळला की फेस यायचा. फेस जाईपर्यंत धुवायचा, वाळवायचा, ज्वारीत मिसळून दळायचा. गाव तिला हसायचं, पण गेल्या उन्हाळ्यात आप्पांच्या ताटात भाकरी होती ती याच्याच जिवावर.

गाव हसलं त्याचं तिला काही नव्हतं. दुखणं वेगळं होतं. आई नाही, भाऊ नाही; आप्पांना एकटं टाकून ती नांदायला जाणार नव्हती. जावई घरी राहायला यायला हवा होता. दोन स्थळं आली. दोन्ही वेळा मुलाच्या बापानं मुलीकडं एकदा बघितलं, मग रानात जाऊन चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली आणि बैलगाडी जुंपली. चहासुद्धा घेतला नाही मेल्यांनी.

म्हणून शांतलिंग दुसऱ्या दिवशी आला त्याच्या आधीच रुद्रम्मा खराटा घेऊन रानात हजर होती. उन्हानं मातीवर पांढरं मीठ फुटायचं. तिनं ते वाफ्यावाफ्यातून झाडून बांधापलीकडं लोटलं. आणि त्याच्यासाठी गावातल्या गोड्या विहिरीची घागर अर्धा कोस डोक्यावरून आणली.

"विहीर हाय की इथं," तो म्हणाला. "कशापायी एवढं वझं?"

"तिकडं तुमी जायचं न्हाय. रोपांना पाणी म्या घालीन."

"का? काय हाय विहिरीत?"

"कासव हाय."

"कासव चावतंय व्हय?"

"परक्या माणसाला चावतंय."

तो हातातलं रोप मातीत दाबत खाली बघून हसला. "मग... किती दिवस आल्यावर माणूस परका राहत न्हाय?"

तिच्या हातातली घागर जरा जोरात तिरपी झाली आणि त्याच्या ओंजळीतलं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

सहा तासं लावायला किती दिवस लागावेत? चार? पाच? शांतलिंगला पंधरा लागले. मग म्हणाला, रोपं धरली का ते बघायला हवं. मग म्हणाला, पाखरं लई झालीत. रुद्रम्मालाही ही कारणं अगदी पटायची. सकाळी खराटा, मग घागर, मग बांधावर वाट बघत बसणं... तो यायच्या वाटेकडं पाठ करून ती बसायची, आणि पाऊल वाजलं की कान आधी वळायचे.

"तुमी लोहाऱ्याला कवा जाणार?" एक दिवस तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लोहाऱ्याला न्हाय. सोलापूरला." तो रोपाच्या शेंड्यावरून बोट फिरवत होता, चाकवताला तांबूस तुरे आले होते. "थोरल्या भावानं गिरणीत जागा बघितलीय. येळवस झाली की निघायचं."

सोलापूर म्हणजे करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यापलीकडचं, इंग्रजांचं. तिथं गेलेला माणूस दिवाळीला पाहुण्यासारखा येतो आणि दोन दिवसांत घड्याळाकडं बघायला लागतो.

त्या दिवसापासून तिचं कशात चित्त लागेना. भाकरी करपली. खराटा एकाच जागी फिरत राहिला. तिला तो हवा होता. हे तिनं स्वतःशी कबूल केलं आणि मग तर जास्तच बेचैन वाटू लागलं. खरं सांगावं तर माती चाखून जाणारा हा तिसरा होईल. न सांगावं तर सोलापूर आहेच! आणि समजा राहिला, तर खोटं बोलून ठेवून घेतल्यासारखं... छे! रोज ती ठरवायची, आज सांगायचं. रोज घागर त्याच्या ओंजळीत ओतायची आणि सांगणं उद्यावर ढकलायची.

"रुद्रम्मा," तो एकदा म्हणाला, "तुमाला काय सांगायचंय का?"

"न्हाय. तुमाला?"

"हाय... पण येळवशीला सांगतो."

मार्गशीर्षातली अमावास्या आली. येळवशीला गावात माणूस राहत नाही; जो तो आपल्या रानात. रुद्रम्मानं कडब्याची कोप, छोटीशी खोपी, उभी केली, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडले, डाळी-भाज्यांची भज्जी शिजवली, ताकातल्या आंबिलीचं मडकं भरलं. ज्वारीच्या उंड्यांत, वाफवलेल्या गोळ्यांत, तिनं आपला नवा चाकवताचा दाणाही घातला होता. पण गार वाऱ्यानं मीठ असं फुटलं होतं की तीन वेळा झाडूनही रान पांढरं ते पांढरंच.

आप्पांना बैलगाडीतून आणलं. जेवायला सिद्धलिंगमामा आले, मागून शांतलिंग. मामांनी एक उंडा खाल्ला, दुसरा मागून घेतला.

"झकास हाय. कशाचा म्हणायचा?"

"चाकवताचा, मामा," ती म्हणाली.

मामांचा हात थांबला. ते उठले, कोपीबाहेर गेले आणि खाली वाकले. रुद्रम्माला पुढचं सगळं पाठ होतं. चिमूट. जीभ. थुंकणं.

"गुरुलिंग," मामा आत येत म्हणाले, "आपली दोस्ती जुनी, म्हणून तोंडावर बोलतो. पोरगी लाखात एक हाय. माझा भाचा काल म्हणला, मामा, तिथंच राहतो, शब्द टाका. म्या तेच बोलायला आलतो. पण शेजारी असून मला एवढं ठावं नव्हतं. रान पार मीठ झालंय. ह्यात पोरानं जलम कसा काढायचा?"

आप्पांनी मान खाली घातली. रुद्रम्माच्या हातातली पळी भज्जीत तशीच राहिली. तो राहतो म्हणाला होता... आणि आता जाणार होता. "माझी चूक हाय," ती कशीबशी बोलली. "म्या लपवलं. रोज झाडून घेत व्हते. विहीरबी खारी हाय. कासव-बिसव काय न्हाय तिच्यात."

"ते मला ठावं हाय," शांतलिंग म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

"पहिल्याच दिवशी, तुमी यायच्या आधी, तहान लागली म्हणून विहिरीवर गेलतो. ओंजळभर प्यालो." त्यानं तोंड वाकडं करून दाखवलं. "आन् दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, शेतात खराट्याच्या रेघा! अंगण झाडणाऱ्या बाया लई बघितल्या. शेत झाडणारी हीच."

"मग... मग बोलला का न्हाय?" रुद्रम्माचा आवाज चढला. "अडीच महिने! अर्धा कोस, डोक्यावर घागर! मान मोडली माझी!"

तो ओशाळला. कान लाल झाले. "बोललो असतो, तर... तुमी घागर घेऊन आला नसता."

मामांना ठसका लागला. आप्पांचे खांदे हलत होते. ते रडतायत की हसतायत, तिला कळेना.

"मामा," शांतलिंग म्हणाला, "जिथं ज्वारी मरती तिथं हिनं दाणा काढला. तुमी दोन उंडे खाल्ले. मी ह्याच रानात राहतो. गिरणीला माझ्यावाचून काय नड न्हाय."

मामांनी तिसरा उंडा उचलला आणि तोंडात टाकला. मामांचा होकार असाच असायचा.

येळवशीला घरच्या पुरुषानं आंबील शिंपडत रानाला फेरा घालायचा असतो. आप्पांचे गुडघे गेल्यापासून तो फेरा राहून गेला होता. आप्पांनी मडकं ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी शांतलिंगपुढं धरलं. "घे. फेरा घाल."

हे मडकं परक्याच्या हातात देत नाहीत. शांतलिंगनं ते डोक्यावर घेतलं आणि हाक देत, पळसाच्या पानानं आंबील उडवत तांबड्या तुऱ्यांच्या कडेनं निघाला. रुद्रम्मा कोपीच्या दाराशी उभी राहून बघत होती. या वेळी तिनं पाठ केली नाही.

तो परतला तेव्हा घामानं डबडबला होता. "पाणी," म्हणाला.

तिचा हात सवयीनं घागरीकडं गेला... आणि थांबला. ती विहिरीवर गेली, पोहरा सोडला, ओढला, आणि त्याच्या ओंजळीत धार धरली.

"कासव?" त्यानं विचारलं.

"आता न्हाय चावायचं."

तो प्यायला. तोंड वाकडं झालंच.

"लई खारं हाय गं," तो म्हणाला, आणि ओंजळ पुन्हा पुढं केली. "आणखी वत."