शलाका आत्याबाईंची वीस मिनिटं

दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि शलाका आत्याबाई कोल्हापुरात आजोबांच्या झोपाळ्यावर बसून निवांत भडंग खात होत्या. वय वर्षं अकरा! पण सगळ्यात मोठ्या दादाला मुलगी झाली, म्हणजे आत्या ती आत्याच. पाच वाजता रत्नागिरीच्या घरी बारसं होतं. बाळाचं नाव शलाकाने निवडलं होतं आणि आत्याचा मान म्हणून ते कोणालाही सांगितलं नव्हतं. ती वेळेत पोचली नाही, तर बारसं नावावाचून अडणार होतं.

"चल, निघू या," आजोबा म्हणाले. हे तिच्या आईचे वडील. विमानांची इंजिनं बनवण्यात त्यांची हयात गेली होती.

"इतक्यात? हवाई अंतर (दोन गावांमधलं सरळ रेषेतलं अंतर) शंभर किलोमीटर. विमानाचा वेग ताशी तीनशे. वीस मिनिटांत रत्नागिरी!"

"विमान दारात येतंय व्हय तुला न्यायला?" ढब्बूने विचारलं. ढब्बू हा आजोबांचा यंत्रमानव. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींकडून बोलायला शिकलेला.

शलाकाचा घास तोंडातच राहिला.

ढब्बू आपली लोखंडी बोटं मोजू लागला. "विमानतळावर जायला अर्धा तास. तपासणी आन् वाट बघण्यात एक तास. उड्डाण वीस मिनिटं. तिथं उतरून घरी जायला पाऊण तास. झालं किती?"

"दोन तास पस्तीस मिनिटं," शलाका रडवेली झाली. "म्हणजे पाच वीस! आणि रस्ता तर एकशेतीस किलोमीटर, घाटात नुसता वळत राहतो. आता माझ्या बाळाचं काय?"

"घाटात गाडी हळू, सपाटीवर जोरात," आजोबा चपला घालत म्हणाले. "सरासरी वेग (एकूण अंतर भागिले एकूण वेळ) पासष्ट धर. भाग बघू."

"दोन तास! पावणेपाच! अहो आजोबा, मग उठा ना लवकर!" आजोबा केव्हाचे उभेच होते.

आंबा घाटात विजेवरची गाडी वळणं घेऊ लागली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. आजोबांनी विचारलं, "विमानाचा वेग दुप्पट केला तर?"

"वीसची दहा मिनिटं. म्हणजे फक्त दहाच वाचली?"

"त्या दहा मिनिटांसाठी मी जन्मभर राबलो बघ," आजोबा खो खो हसले. "जमिनीवरचे सव्वादोन तास तुझ्यासाठी ठेवलेत."

शलाका पुढे घाट संपेपर्यंत ते सव्वादोन तास बोटांवर मोजत राहिली: विमानतळावर जाणं, वाट बघणं, उतरून घरी जाणं.

पाचच्या ठोक्याला ती पाळण्यावर वाकली. "कुर्रर्र... केतकी," ती बाळाच्या कानात म्हणाली. मग हळूच पुढे म्हणाली, "तुझ्या लग्नाला मी माझ्या अंगणातून उडून तुझ्या अंगणात उतरेन. ते विमान मीच बनवणार आहे."

तेवढ्यात सगळ्या काकू-मावश्यांनी रिवाजाप्रमाणे आत्याबाईंच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. मार खाऊन इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.