आत्याच्या लेकाचा हक्क

कोंडवाड्यात कुणी प्रेमात पडायला जात नाही. कस्तुराही शेळी सोडवायलाच गेली होती. साल चौतीस, महिना श्रावण... सोलापूरचा श्रावण, म्हणजे चार थेंब पडायचे आणि नुसती धूळ दबायची.

आत टेबलाशी सिदू कारकून बसला होता. धनगराच्या घरातून मॅट्रिक झालेला. त्यामुळे जातभाईंना त्याचा अभिमान वाटे आणि मुलगी द्यायची भीती. साहेबासाठी इंग्रजीत अहवाल लिहिताना त्यानं मान वर केली, तर दारात ही. कपाळावरच्या बटेला एक थेंब लोंबकळत होता — पडू की नको, अशा विचारात.

“ती काळी शेळी माजी हाय.”

“कशावरून?”

कस्तुरा नुसतं “ये गं” म्हणाली. शेळी उठून तिच्याजवळ आली.

“झाला पुरावा?”

“झाला... पर थांबा की जरा. पाऊस हाय.”

“चार थेंबांचा?”

“पाचवा येईल.”

पाचवा आला नाही, पण ती थांबली.

“काय लिवताय?”

“आपल्यावरच. धनगर लोक माळावरचा हक्क ‘ॲरोगेट’ करतात, असं लिवायचा हुकूम हाय.”

“म्हंजी?”

“नुसतं आपलं म्हणून मागणं म्हंजी ‘क्लेम’. आन् हक्क नसताना आपलाच म्हणून बसणं, ते ‘ॲरोगेट’. लई वजनदार शब्द. हक्क कुणाकडं घेतला? तर स्वतःकडं, असं म्होरं जोडावं लागतं.”

“सायेब सवताबद्दल बी असं लिवतो का?”

“व्याकरणात बसतं,” सिदू गंभीरपणे म्हणाला, “रिवाजात न्हाय.”

ती हसली. तो थेंब पडला.

त्यानंतर ती शेळी वरचेवर कोंडवाड्यात येऊ लागली. शेळी शहाणी होती. कस्तुरानं दोर सोडून, हाकलून पाठवल्याशिवाय तिकडे जात नसे.

एक दिवस कस्तुरा शेळीशिवाय आली.

“तुमचा त्यो शब्द आमच्या घरी बी चालतो,” ती म्हणाली. केराबाईनं, म्हणजे तिच्या आत्यानं, तिला पाळण्यातच सून म्हणून मागितलं होतं. भावाची लेक बहिणीच्या लेकाला, हा रिवाज. लेक धुळा, तालमीतला पैलवान. “दिवाळी झाली की लगीन.”

“त्यानं चारचौघांत हक्क सोडला, तर?”

“तर दुसरीकडं देत्यात. मांडवात मानाचा पयला फेटा त्याला.”

“मग इचारा की त्याला.”

“कोण इचारणार? आबा म्हणत्यात, बहिणीचा अपमान हुईल. आन्... तुमी त्याचे दंड बगितलेत का?”

सिदूनं दुसऱ्या दिवशी बघितले. धुळा तालमीत अंगाला माती चोळत होता.

“पैलवान, कस्तुरावर तुमचा हक्क हाय म्हणं.”

“हाय.”

“सोडता का?”

धुळा उठला. जवळ आला. सिदूनं डोळे मिटले. उघडले, तेव्हा धुळा पायरीवर बसून घाम पुसत होता.

“कवाधरनं सोडायचा हाय,” तो म्हणाला. “माज्या खांद्यावर बसून जत्रा बगितली तिनं. भैणच की माजी. पर आपणहून नको म्हणावं, तर मामाला वाटंल, पोरीत खोट काडली. कुणी इचारायलाच आलं न्हाय.” मग त्यानं सिदूला नीट न्याहाळलं. “तू कोण रं?”

“कोंडवाड्यातला कारकून.”

“हां... तवाच शेळी सारकी चुकती.”

सोमवारी मायाप्पाच्या, म्हणजे कस्तुराच्या आबांच्या अंगणात धुळानं पंचांसमोर हात जोडून हक्क सोडला. केराबाई रीतीपुरती रडली आणि फेटा कुठल्या रंगाचा, ते विचारून घेतलं. मायाप्पानं इतका मोठा श्वास सोडला, की कडेला बसलेल्या पंचाची चिलीम विझली.

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी सिदू कस्तुराला गाठून म्हणाला, “सुटलं. आता तुमच्यावर कुणाचाच हक्क न्हाय.”

“मग?”

“मग... मी आबांकडं येऊ?”

“आबांकडं नंतर या. आत्यानं मागितलं ते आबांकडं, धुळादादानं सोडलं ते पंचांम्होरं. मला अजून कुणीच काय इचारलं न्हाय.”

सिदूला येत होत्या त्या दोन्ही भाषा एकदमच गेल्या. एक तेवढी परत आली, तीही अडखळत.

“माज्यासंगं... लगीन करशील?”

कस्तुरा पाण्याकडे बघत राहिली. वाऱ्यानं पाणी थरथरलं.

“व्हय की,” ती म्हणाली, आणि पदर सावरण्याच्या निमित्तानं एक पाऊल अलीकडे सरकली.