नवख्याचा हंगाम

लॉन्ड्रीत सात नंबरच्या मशीनसमोर तो बसला होता आणि फोनकडे बघून पुटपुटत होता, "अरे, थांब ना जरा... थांब."

मला वाटलं, कुणाशी भांडतोय. शनिवारची दुपार होती. बाहेर सकाळपासून लागलेला चिवट पाऊस, आत ओल्या कपड्यांचा उबट वास, आणि बसायला एकच बाक. मी चादरी मशीनमध्ये कोंबल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकले. त्याने फोन साबणाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर एक हिरवी गाडी कठड्याला घासून तिरकी उभी होती, आणि हेल्मेटच्या आतून एक कोवळा आवाज रेडिओवर म्हणत होता, सॉरी... सॉरी... सॉरी.

मी सात महिन्यांत फॉर्म्युला वनची एकही शर्यत पाहिली नव्हती. पाहायची नाही असंच ठरवलं होतं. पण तोंडातून निघून गेलं.

"टायर गार होते त्याचे."

तो वळला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दोन दिवसांची दाढी, आणि नजर अशी की कुणीतरी आपल्याशी आपणहून बोललं याचंच नवल वाटावं.

"तुम्ही पाहता?"

"पाहायचे. टायर तापायच्या आत वळणावर जोर दिला त्याने. नवखे सगळे तेच करतात. मागे पडलोय असं वाटलं की अजून घाई, आणि घाई केली की अजून मागे."

"टीमने त्याला दोन मिनिटं आधी सोडायला हवं होतं."

"सगळं टीमच्या माथी मारून कसं चालेल? गाडी कोण चालवत होतं?"

"बाप रे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच हसला. "तुम्ही त्याच्या मोठ्या बहीण आहात का?"

तो पोरगा एकोणीस वर्षांचा होता. पहिलाच हंगाम. नऊ शर्यती झाल्या होत्या आणि खात्यात भोपळा. तीनदा गाडी ठोकली, चारदा शेवटून पहिला आला. त्याच टीमचा दुसरा ड्रायव्हर त्याच गाडीत दर वेळी पहिल्या दहांत, म्हणून याचं अपयश आणखीच उठून दिसायचं. आम्ही त्याला नुसतं 'नवखा' म्हणायला लागलो. माझ्या चादरी वाळेपर्यंत त्याच्यावरच बोलत होतो.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"दात."

"म्हणजे?"

"लोकांचे. डेंटल लॅबमध्ये आहे मी. डॉक्टर साचा पाठवतात, आम्ही त्याबरहुकूम दात घडवतो. आणि तुम्ही?"

"मी... फोन घेतो."

"कॉल सेंटर?"

"तसंच काहीसं," तो म्हणाला आणि गरगरणाऱ्या कपड्यांकडे बघत राहिला. मीही खोदून विचारलं नाही. कामाबद्दल बोलावंसं न वाटणारी माणसं खूप असतात.

पुढच्या शनिवारी माझ्याकडे धुवायला फारसं काही नव्हतं. तरी गेले. तोही होता. त्याच्या मशीनमध्ये एकच शर्ट फिरत होता.

"एका शर्टासाठी आलात?"

"तुम्ही उशीचे दोन अभ्रे घेऊन आलाय," तो म्हणाला. "मी काही बोललो का?"

असं सुरू झालं. शनिवारी क्वालिफाइंग, म्हणजे शर्यतीतल्या जागा ठरवणाऱ्या फेऱ्या, लॉन्ड्रीत, आणि रविवारची शर्यत आमच्या लॅबमध्ये. रविवारी लॅब बंद असे, किल्ली माझ्याकडेच असायची, आणि साचे तपासायचा मोठा पडदा तिथे होता. तीन भिंतींवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले.

"एवढी मंडळी दात काढतायत आपल्याला बघून," तो पहिल्या दिवशी म्हणाला.

"त्यांना सवय आहे. मी एकटी बसून त्यांच्याशी बोलते."

"काय बोलतेस?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आलं तेव्हा तो कानांच्या पाळीपर्यंत लाल झाला, आणि मी उगाच एका जबड्यावरची धूळ पुसत बसले.

त्याचं वागणं हळुवार होतं, पण थकलेलं. मध्येच ऐकता ऐकता हरवायचा. कुणाचा फोन वाजला की त्याचे खांदे ताठ व्हायचे. एकदा माझ्या केसांत अडकलेला प्लास्टरचा कपचा त्याने दोन बोटांनी काढला आणि तसाच हातात धरून बसला... टाकायचा कुठे तेच सुचेना. त्या शर्यतीत नवखा कितवा आला, मला आठवत नाही.

तेराव्या शर्यतीच्या दिवशी मी त्याला बाबांबद्दल सांगितलं.

"हे वेड बाबांचं. दर हंगामात ते सगळ्यात कमजोर ड्रायव्हर निवडायचे आणि वर्षभर त्याच्या बाजूने भांडायचे. जिंकणाऱ्याला काय, सगळेच टाळ्या वाजवतात म्हणायचे."

"ते पाहत नाहीत आता?"

"गेले. मागच्या हिवाळ्यात. पहाटे हार्ट अटॅक आला." मी थांबले. पुढचं वाक्य मी सगळ्यांना सांगायचे तेच, तसंच सांगितलं. "अँब्युलन्स उशिरा आली."

पडद्यावर गाड्या फिरत होत्या. मग त्याने हात लांब करून आवाज बंद केला.

"मला तुला आधीच सांगायला हवं होतं. मी अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये आहे. फोन घेतो म्हणालो ना... ते फोन."

मी त्याच्याकडे बघत राहिले.

"पाच महिने झाले लागून. अजून कायम नाही केलंय. दुसऱ्याच महिन्यात एका बाईंचा फोन आला, त्यांचे वडील जिन्यावरून पडले होते. त्या रस्ता म्हणाल्या, मी गल्ली ऐकलं. दोन्हींचं नाव एकच, टेकडीचं. गाडी टेकडीच्या दुसऱ्या बाजूला गेली. सात मिनिटं उशीर झाला. आजोबा दोन दिवसांनी गेले. चौकशीत म्हणाले, सात मिनिटांनी फरक पडला नसता बहुतेक. बहुतेक, म्हणाले."

"बाबांच्या वेळी तू होतास?"

"नाही. तेव्हा मी तिथे नव्हतो."

ते मलाही कळत होतं. महिने मोजायची गरज नव्हती. तरी विचारलं होतं. त्या पहाटेचा फोनवरचा आवाज मला पाठ होता... ताई, शांत व्हा, ताई, श्वास चालू आहे का बघा. आठ महिने मी त्या आवाजाला शिव्या घातल्या होत्या. आणि आता तो आवाज नव्हे, पण त्याच्याच जातीचा एक माणूस माझ्या लॅबमध्ये, माझ्या खुर्चीवर बसला होता.

"तू जा आता," मी म्हणाले.

त्याने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. खुर्ची जागेवर ठेवली, जाकीट घेतलं, आणि दार आवाज न करता लावून गेला.

मी लॉन्ड्रीत जाणं सोडलं. चादरी घरीच बादलीत धुतल्या. आई म्हणाली, "मशीनवाल्याशी भांडलीस की काय?" मी म्हटलं, तसंच समज. आईने पिळायला चादरीचं दुसरं टोक धरलं आणि पुढे काही विचारलं नाही. बाबा गेल्यापासून आमच्या घरात कुणी कुणाला दुसरा प्रश्न विचारत नसे.

दोन शर्यती गेल्या. बातम्या येत होत्या की हंगाम संपायच्या आत नवख्याला काढणार. मी पाहणार नाही म्हणत होते, पण तिसऱ्या रविवारी पाहिलीच, स्वयंपाकघरात, फोनवर, आवाज बारीक करून. नवखा पहिल्यांदाच नवव्या जागेवर होता. इंजिनियरने रेडिओवर सांगितलं, आत ये, टायर बदलायचेत. तो आला नाही. पुढची फेरी मारून आला, तोवर पंधरावा झाला होता. शर्यत संपल्यावर इंजिनियर त्याला म्हणाला, माझ्याकडून सांगायला उशीर झाला, सोडून दे. मग तो पोरगा म्हणाला, "नाही. मला वेळेत ऐकू आलं होतं. चूक माझी आहे."

अख्खं जग ऐकत असताना.

मी फोन पालथा ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिले. मग त्याला निरोप पाठवला. 'पुढच्या रविवारी लॅबमध्ये ये. मला काही सांगायचंय.'

तो आला. आणखी वाळला होता.

"आधी माझं ऐक," तो म्हणाला. "इथे कायम करत नाहीयेत मला. पण काढतही नाहीयेत. दुसऱ्या शहरातल्या केंद्रात पाठवतायत. तीन महिने पुन्हा शिकाऊ, पहिल्यापासून. उद्या सकाळची बस आहे."

"जाणार?"

"सोडायचंच ठरवलं होतं. राजीनामा लिहूनही झाला होता. पण मग वाटलं, मी सोडलं तर ते आजोबा फक्त गेले एवढंच उरेल. निदान पुढचा पत्ता तरी मी दोनदा विचारेन." तो खाली बघत होता. "हे मोठेपणाचं वाटतं ऐकायला. खरं तर रोज हेडफोन लावताना पळून जावंसं वाटतं."

पडद्यावर दिवे लागले, विझले, गाड्या सुटल्या. आमचं दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"अँब्युलन्स उशिरा आली नव्हती," मी म्हणाले.

त्याने वर पाहिलं.

"म्हणजे आली उशिराच. पण पत्ता मी चुकीचा सांगितला होता. घर बदलून आम्हाला चारच महिने झाले होते. मी जुन्या घराचा पत्ता सांगितला. तोंडात तोच बसला होता. फोनवरच्या माणसाने विचारलं, नक्की ना, ताई? मी म्हटलं, हो, नक्की. ओरडूनच म्हटलं त्याच्यावर." माझा आवाज कुठून येत होता कोण जाणे. "हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईलासुद्धा. सगळ्यांना सांगते, अँब्युलन्स उशिरा आली... त्या दिवशी तू तुझी चूक सांगितलीस आणि मला सहन झालं नाही. तू सांगू शकलास, म्हणून."

मला वाटलं, तो म्हणेल, जाऊ दे. सगळे तेच म्हणतात. तो म्हणाला नाही. त्याने खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि बसला. खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

"घाबरलेली माणसं जुनाच पत्ता सांगतात," तो म्हणाला. "खूप जण. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते. पण हे ऐकून तुला बरं वाटणार नाही, मला माहितीय. मला सात मिनिटांचं ऐकून वाटलं नव्हतं."

"नाही वाटलं."

"मग मी नुसता बसतो."

मी रडले. प्लास्टरच्या धुळीने डोळे चुरचुरत होते, त्यात आणखी रडले. त्याने माझा हात हातात घेतला. मी दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला. मग कुणी कुणाला सावरलं ते सांगता येणार नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "ही काय बोलायची वेळ आहे... पण उद्या मी नसेन."

"मला पण," मी म्हणाले. "एका शर्टापासून."

शेवटच्या बारा-पंधरा फेऱ्या आम्ही पाहिल्याच नाहीत. नंतर कळलं, नवखा अकरावा आला. दहाव्यापर्यंत गुण मिळतात, अकराव्याला काही नाही.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई भाजी निवडत होती. मी चप्पलही न काढता तिला पत्त्याचं सांगून टाकलं. तिचे हात थांबले.

"मी तुझ्या शेजारीच उभी होते, बाळा," आई म्हणाली. "तू जुना पत्ता सांगितलास, तो मी ऐकला. माझ्याही लक्षात आलं नाही. मला वाटत होतं, मी ऐकूनही तुला थांबवलं नाही हे तुला कळलं तर तू मला कधी माफ करणार नाहीस."

मी चप्पल काढली आणि तिच्या शेजारी बसून भाजी निवडायला लागले.

सोमवारी सकाळी बसस्टँडवर आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. त्याच्याकडे एकच बॅग होती. बोलायचं खूप होतं, आणि दोघंही वेळापत्रकाच्या फलकाकडे बघत होतो.

"तिथे तरी जमेल का मला?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

ड्रायव्हरने बस सुरू केली. तो पायरीवर चढला आणि वळला.

"तीन महिन्यांनी त्यांनी मला परत पाठवलं तर?"

"तर येशील. मी इथेच आहे."

"आणि नाही पाठवलं... तिथेच ठेवून घेतलं तर?"

"तर मी येईन," मी म्हणाले. "दात सगळीकडेच पडतात."

तो हसला, पण हसू शेवटापर्यंत टिकलं नाही. दार लागलं. बस वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते, आणि मग कामावर गेले. सोमवारी आमच्याकडे खूप साचे येतात.