चिगुसाची निळी सॅक

उभ्या राहा अशा, दिव्याखाली. हात थोडे वर. शर्यत डोंगरातली आहे ना? मग पाण्याची सॅक रिकामी घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. आधी पाणी भरते. पाठीमागच्या पिशवीत दीड लिटर, छातीवरच्या मऊ बाटल्यांत अर्धा-अर्धा. पिशवी उलटी धरून नळीतून हवा ओढून काढायची, नाहीतर चाळीस किलोमीटर पाठीवरचं डुबुकडुबुक ऐकत बसाल. हं, आता जागच्या जागी उड्या मारा. गळ्याखालच्या हाडाला घासतंय का? घासत असेल तर आत्ताच सांगा, संकोच नको.

मात्सुमोतोतल्या या दुकानात वीस वर्षं मी हेच करतेय. शेकडो लोकांना मापाची सॅक शोधून दिली. मला स्वतःला मात्र एकही कधी धड बसली नाही. दर शर्यतीनंतर गळ्याखाली दोन लालभडक पट्टे, आंघोळीचं गरम पाणी लागलं की ब्रह्मांड आठवायचं. आणि चिगुसा! शाळेपासून माझ्याच वर्गात, माझ्याच धावण्याच्या संघात, आणि कायम माझ्या एक पाऊल पुढे. सहा वर्षांपूर्वी ती इथे आली. हाताला लागली ती पहिली निळी सॅक मी तिला घातली, तर शिंप्याने अंगावर शिवल्यासारखी बसली.

"अगं तोकिए, काही घातलंय असं वाटतच नाही!" ती म्हणाली. "तुझ्या हाताला गुण आहे बाई. स्वतःसाठी का नाही शोधत एखादी?"

"माझे खांदेच भिकार," मी हसून म्हणाले. हसले खरी, पण आतून नुसती जळत होते. माणसाला कशाचा हेवा वाटावा? मला तिच्या खांद्यांचाही वाटायचा. कुरोइवाच्या डोंगरातल्या शर्यतीत ती चार वेळा पहिली आली, त्याच निळ्या सॅकमध्ये. चारही वेळा मी दुसरी.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, नगरपालिकेच्या कचेरीत काम करता करता तिने टेबलावर डोकं टेकलं ते पुन्हा उचललंच नाही. मेंदूत रक्तस्राव. फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? यंदा कुरोइवा माझी. लाज वाटते, पण आला.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. एकोणपन्नास दिवस होईपर्यंत गेलेलं माणूस घर सोडत नाही. रोज सकाळी तसबिरीपुढे पाणी ठेवायचं, आणि त्याच्या वस्तू आठवण म्हणून वाटायच्या त्या एकोणपन्नासाव्या दिवशी, मंदिरातल्या गुरुजींचं पठण झाल्यावरच. चिगुसाचा तो दिवस सोमवारी होता, क्रीडादिनाच्या सुट्टीला. कुरोइवाची शर्यत आदल्या दिवशी, रविवारी. मला काही थांबवेना. शुक्रवारी मी तिच्या आईचं दार वाजवलं.

"हात्सुए काकू, ती निळी सॅक मला हवीय. चिगुसानंच म्हटलं होतं, माझ्यानंतर तूच घाल म्हणून." धडधडीत खोटं बोलले.

"अगं, सोमवारनंतर ने की. अजून ती घरातच आहे गं. तिची वस्तू अजून तिचीच आहे."

"तिला एकदा शेवटचं पळवून आणते, काकू."

काकूंचे डोळे भरून आले. भरणार हे मला माहीत होतं, म्हणूनच तसं बोलले.

"रविवारी संध्याकाळी परत आण मात्र," त्या म्हणाल्या. "सोमवारी तसबिरीपुढे ठेवायला हवी. नाहीतर ती जाणार कशी?"

रविवारी सकाळी डोंगरावर एवढं धुकं होतं की पुढच्या माणसाची पाठ दिसेना. ओल्या देवदारांचा आणि कुजलेल्या पानांचा वास. मी सॅकचे पट्टे बोटभरही हलवले नाहीत, तिने ठेवले होते तशीच घातली. आणि बसली हो! आयुष्यात पहिल्यांदा. पंधरा किलोमीटर झाले तरी कुठे घासेना की टोचेना. चढावर मी गाणं म्हणायचंच काय ते बाकी ठेवलं.

तिथे तहान लागली म्हणून नळी तोंडात धरली, तर नुसती हवा. छातीवरच्या बाटल्याही चपट्या. मी तोवर एक घोटही घेतला नव्हता. गळती असेल म्हणून पाठ चाचपली, तर कोरडी ठणठणीत. विसाव्या किलोमीटरला पाणी वाटणाऱ्या गेन्पाची नावाच्या आजोबांनी सगळं काठोकाठ भरून दिलं.

"एवढ्यात संपवलंस? आज तर गारठा आहे," ते म्हणाले.

पुढे डोंगराची धार लागते. दोन्ही बाजूंना खाली काही नाही, फक्त पांढरं धुकं. माझी पावलं आणि माझा श्वास, एवढाच आवाज. मग उजव्या कानापाशी दुसरा आला. सुर्र... जरा थांबून पुन्हा, सुर्र... नळी माझ्या खांद्यावर चिमट्याला अडकवलेली होती. मी मान वळवली. नळीतून पाणी वर चढत होतं. टोकाच्या रबरावर दातांच्या खुणा उमटत होत्या आणि सुटत होत्या.

"चिगुसा...?"

सुर्र...

दुसरी कोणी असती तर सॅक दरीत भिरकावून पळत सुटली असती. माझेही हात बक्कलावर गेले होते. पण खरं सांगते, भीतीच्या आधी मला राग आला. मेलीस तरी पहिली तूच? माझ्या पाठीवर बसून माझं पाणी माझ्याआधी तू पिणार?

"पी," मी म्हणाले. "हवं तेवढं पी. पण पाय माझे आहेत. आज मी पहिली येणार, आणि तू मागून बघणार."

छातीवरचे पट्टे हलकेच आवळले गेले. दुखलं नाही. उलट आणखीच बरं वाटलं, आणि त्यानेच माझ्या अंगावर काटा आला.

उरलेले अठरा किलोमीटर कोरड्या घशाने पळाले. आले पहिली! आणि लोकांनी काय ओरडावं? "चिगुसा जिंकली! चिगुसानंच पळवलं हिला!" सगळ्यांनी निळी सॅक ओळखली होती. बायका रडत येऊन तिच्यावरून हात फिरवत होत्या. माझ्या तोंडाकडे एकीनंही बघितलं नाही.

त्या संध्याकाळी मी सॅक परत नेली नाही. फोन बंद करून ठेवला. बघू आता कशी जातेस ते. राहा इथेच, आणि मी जिंकताना बघ, दर वर्षी.

सोमवारी दुपारी हात्सुए काकू काळ्या किमोनोत दारात उभ्या.

"सगळे बसलेत गं. गुरुजींना थांबवून ठेवलंय. दे ना ती..."

"हरवली, काकू. धारेवरून दरीत पडली."

सॅक माझ्या अंगातच होती, स्वेटरच्या आत. काढावीशीच वाटत नव्हती. काकूंनी माझ्या स्वेटरच्या फुगीर पाठीकडे पाहिलं. मग कमरेतून वाकून नमस्कार केला.

"बरं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तहानलेली ठेवू नकोस तिला."

तेव्हापासून मी सहा शर्यती जिंकलेय. कितीही पाणी प्या, घसा ओला होत नाही. त्याचीही सवय होते. पण गेल्या आठवड्यातलं एक सांगते, मग तुमचे पट्टे आवळू.

आमचे मालक इवाओ काका जुन्या वळणाचे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापांचं कार्ड करून ठेवतात. चालू गिऱ्हाइकांची वरच्या खणात, वारलेल्यांची खालच्या. माझं वजन उतरलं होतं, म्हणून म्हटलं, माझी मापं नव्याने घ्या. त्यांनी टेप लावली, आकडे पुटपुटत लिहिले, आणि मध्येच थांबले.

"हे मी कधीतरी लिहिलंय..."

त्यांनी खालच्या खणातून एक कार्ड काढलं. छाती, बरगड्या, खांद्यांची रुंदी, डावा खांदा अर्धा सेंटिमीटर खाली. एकूण एक आकडा चिगुसाचा. माझे खांदे जन्मभर सरळ होते हो...

इवाओ काकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. "चला, नवं कार्ड करायला नको," म्हणाले, आणि चिगुसाचं कार्ड वरच्या खणात ठेवलं. मग माझं हातात घेतलं. त्यावरचं नाव एकदा वाचलं, खालच्या खणात सरकवलं आणि खण लावून घेतला.