डोक्यावरचा खटका

सवयपट्टी यशस्वी झाली तर कॅप्टन हेरंब पाठाऱ्यांना उपाध्यक्षपद मिळणार होतं, समुद्राकडे तोंड असलेली केबिन मिळणार होती, आणि वर साठीनंतरही नोकरी टिकणार होती. एवढ्यासाठी माणूस कपाळाला काहीही बांधून घेतो. पाठाऱ्यांनी पहिली पट्टी स्वतः बांधली, फोटोसकट.

विमान कंपनीचा फायदा त्याहून मोठा. तिच्या नव्या विमानांच्या नाकावर हवेचा कोन मोजणारा एकच संवेदक होता. तो अडकला की संगणक उगाच घाबरून नाक खाली दाबत सुटे. दुसरा संवेदक बसवायचा तर सगळी विमानं महिनोन्‌महिने हँगरमध्ये. त्यापेक्षा वैमानिक शिकवणं स्वस्त. त्यातही सिम्युलेटरचे तास महाग, म्हणून ही पट्टी. ती बांधून झोपायचं. सौम्य विद्युतस्पंदनं मेंदूला थेट सवय लावत. शरीर खाली जाऊ लागलं की विचाराआधीच हात कॉकपिटच्या छतातल्या, डोक्यावरच्या खटक्याकडे जाई आणि संगणकाची ढवळाढवळ थांबवी.

प्रशिक्षण विभागाच्या केबिनचं दार लावून घेत कॅप्टन रेश्मा तडवी म्हणाली, "सर, विमानात हात बरोबर जातो. पण परवा कसारा घाट उतरताना गाडीतही गेला."

"गेला म्हणजे?"

"स्टीअरिंग सोडून वर. दुसरा गिअरवर होता. शेजारी माय होती, तिने चाक धरलं. तिला गाडी येत नाही. शिव्या येतात, त्या घरी पोचेपर्यंत पुरल्या."

पाठारे हसले नाहीत. "तक्रार लिहून दे."

"लिहिली की माझा हात आपोआप हलतो असा शेरा पडेल. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी परवाना काढून घेतील. माझं नाव घालू नका, सर. दुसरा संवेदक बसवायला लावा, बस्स."

"निनावी तक्रार नोंदत नाहीत, रेश्मा."

"म्हणून तर तक्रारी शून्य आहेत ना!"

ती गेल्यावर पाठारे घरी जायला लिफ्टमध्ये शिरले. आत आणखी दोन वैमानिक होते. लिफ्ट खाली निघाली आणि तीन हात वर गेले. एकाने केस सावरले, दुसऱ्याने मान खाजवली, पाठाऱ्यांनी वरच्या दिव्याची चौकशी केल्यासारखं केलं. तळमजल्यापर्यंत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

सकाळी बैठक होती. तक्रारीखाली स्वतःचं नाव दिलं तर केबिन गेली. तडवीचं दिलं तर एक परवाना जाईल, विमानं मात्र सुधारतील. हा तर कंपनीचाच हिशेब झाला, हे पाठाऱ्यांच्या लक्षात आलं. पण बेरीज बरोबर येत होती. त्यांनी तडवीचं नाव दिलं.

दुसरा संवेदक बसला. त्याचा खर्च सुरक्षा अधिभार म्हणून तिकिटांवर चढला आणि प्रवाशांनी तो कुरकुरत भरला. पाठाऱ्यांना सजगतेबद्दल बढती मिळाली. तडवीने आपला वाटा परवान्याने भरला.

सवय काढणारी पट्टी कुणी बनवली नाही. मागायची तर नाव द्यावं लागलं असतं. आता संगणक चुकत नाही, शहाण्यासारखं विमान सावरतो. पण विमान जरा खाली गेलं की चारशे वैमानिकांचे हात अजूनही त्याला बंद करायला निघतात. त्यातला एखादा खटक्यापर्यंत पोचला, तर त्याची किंमत कोण भरणार?