पाळीवरची तिसरी हाक

वैशाखात सासुरवाडीला जायचं म्हटलं की मी रजेचे दिवस कमी करून बघायचो. भुतांमुळे नव्हे, उन्हामुळे. मी मूळचा नगरचा. नोकरी ऊर्जानगरला वीजकेंद्रात, क्वार्टरमध्ये डोक्यावर पंखा. आणि धानोऱ्यापलीकडच्या त्या गावात ना वीज ना वारा. पण माहेरचा तलाव पाहिल्याशिवाय माझ्या बायकोचा, कांताचा, उन्हाळा सरत नसे. चौऱ्याऐंशी सालीही आम्ही गेलो, आमच्या पाच वर्षांच्या सीताला घेऊन.

त्या घराची एक रीत होती. तलाव आटत आला की एक दिवस सगळं घर बंडी जुंपून तिकडे जायचं. चिखलात उतरून हातांनी मासे धरायचे, झाडाखाली भात रांधायचा, पळसाच्या पानांवर जेवायचं. त्या दिवशी जेवताना मी कॉलेजातल्या गमती सांगत होतो. मित्र दांडी मारायचा आणि त्याच्या नावाला मीच 'हजर' म्हणायचो, हे ऐकून मेहुणा लटारू हसून हसून ठसकला. सीता तर पोट धरून हसली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

दिवस कलला की सासूबाई, गिरजाबाई, पाळीवर म्हणजे तलावाच्या बांधावर उभ्या राहत आणि खालच्यांना एकेका नावानं हाक मारत. नाव आलं की 'हो' म्हणून वर चढायचं. सगळे वर आले की शेवटी वारलूला हाक. वारलू हा कांताचा थोरला भाऊ. तेरा वर्षांपूर्वी असाच मासे धरायला उतरला तो परत आलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. त्याला तीन हाका मारायच्या, कुणी उत्तर द्यायचं नाही आणि मागं न बघता घरी जायचं.

"उत्तर दिलं तर?" मी एकदा विचारलं होतं.

"आमी विसरलो नाई, एवढंच त्याले सांगाचं असते, जवाईबापू," सासूबाई पदर पुढं ओढत म्हणाल्या होत्या. "हो म्हणाचं नाई. जो हो म्हणन, त्याले तो आपल्या जागी ठेवते."

मी मनात म्हटलं, आपल्याला काय, आपण नगरचे.

त्या संध्याकाळी सगळे वर आले. सीताची एक चप्पल खाली राहिली होती, म्हणून तिला घेऊन मी पुन्हा उतरलो. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते, त्यांना दिसलं नाही; बाकीचे बंडी जुंपण्यात गुंतले होते.

"वारलू..."

झाडावरची पाखरं गप्प झाली.

"वारलू रे..."

चिखलाचा वास एकाएकी वाढला. थंड, कुबट.

"वारलू..."

"हजर!" सीता ओरडली आणि माझ्याकडे बघून हसली.

वर कांता किंचाळली. मी सीताला उचलायला गेलो, तर ती उचलेना. पायाखालची जमीन वाळून भेगाळलेली, तरी तिचे पाय घोट्यापर्यंत आत गेले होते. मग गुडघ्यापर्यंत.

"बाबा... कुणीतरी धरलंय..."

लटारू उतरायला धावला. सासूबाईंनी त्याला मिठी मारून अडवलं. माझं सगळं शहाणपण त्या क्षणी गळून पडलं.

"ती नाही! मी म्हणालो! वारलू, मी हजर!"

मुळा उपटावा तशी सीता माझ्या हातात आली. मी तिला वर ढकललं, ती रडत पळाली. आणि मग माझे पाय हलेनात. मागून, जिथं थोडं पाणी उरलं होतं तिथून, पावलं वाजू लागली. चपक... चपक... त्यांना घाई नव्हती. मला मान वळवता येईना. एक ओला पंजा माझ्या खांद्यावर टेकला, जरासा विसावला... आणि सगळं थांबलं. पाय सुटले. मी चालत वर आलो. वाचलो म्हणून रडू फुटलं.

 सासूबाई पुढं आल्या. जावयासमोर कधी न ढळलेला त्यांचा पदर खांद्यावर आला होता. त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"आला का रे बापा... किती वाळला..."

"आई, मी श्रीहरी."

तापात बरळणाऱ्या पोराला हो म्हणतात, तशी त्यांनी मान हलवली.

घरी आरशात पाहिलं. चेहरा माझाच. ओळखपत्र काढून दाखवलं, फोटोही माझाच. लटारूनं ते बघितलं आणि परत दिलं. सकाळी कांता आली. कपाळावर कुंकू नव्हतं.

"दादा, चहा घे."

मी तिचा हात धरला. फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक असलेली, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट तिला सांगितली. तिनं हात सोडवून घेतला.

"हे... हे त्यायनं, सीताच्या बाबानं, सांगतलं काय तुले? खाली?"

दुपारच्या बसनं कांता आणि सीता निघाल्या. मी चढायला गेलो, तर लटारूनं दंड धरला. "तू कुठी चालला, दादा? आता इथीच राह्य." मी त्याला झिडकारलं, पण पाय पायरीपर्यंत उचललाच नाही. चार वर्षं झाली. गावाच्या शिवेपाशी गेलो की आजही घोट्यापर्यंत जमिनीत रुततो. इथंच नांगरतो, इथंच जेवतो. सासूबाई मायेनं वाढतात आणि ती माया मला घशाखाली उतरत नाही.

तेही एक वेळ सोसेन. पण त्या दिवशी बस सुटताना सीता खिडकीत होती. मी धावत ओरडलो, "सीता, मी बाबा! मी इथं आहे!" तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे, तलावाच्या दिशेनं पाहिलं.

"येते हं, बाबा!"

मग तिनं खिडकीतून हात हलवला. आणि तिकडून कुणीतरी हात हलवला असावा, तशी हसली.