शेवटची टाचणी

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः त्या खोलीत होतो.

रात्रही नव्हती. भर दुपार, शाळेची प्रयोगशाळा, खिडक्या सताड उघड्या आणि समोर सातवीचा अख्खा वर्ग.

माझी धाकटी बहीण तिथे विज्ञान शिकवते. तेव्हा नवी होती, कायम व्हायची होती. तिचा एक प्रयोग सारखा उलटा होत होता. मुलं घरी जाऊन भलतंसलतं सांगत, पालक तक्रारी करत. मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, "आणखी एक तक्रार आली, तर दुसरी शाळा बघा."

"दादा, कोणीतरी खोडी काढतंय," ती म्हणाली. "तू रोज बातम्या तपासतोस ना? मग हेही तपास."

प्रयोग साधा. तांब्याची सळई स्टँडवर आडवी. तिला मेणाने ओळीत चिकटवलेल्या टाचण्या. एका टोकाखाली स्पिरिटचा दिवा. सळई तापत जाते, मेण वितळतं आणि दिव्याजवळची टाचणी आधी पडते. मग पुढची.

बहिणीच्या सळईवर लांबची आधी पडायची.

मी मेण नखाने खरवडून पाहिलं. टेबलाखाली वाकलो.

"काका, चोर तिथे मावणार नाही," मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग खिदळला. त्या मुलीला सगळे वकीलबाई म्हणत. माझा संशय तिच्यावरच बसला. तिला पुढे बोलावलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले.

बहिणीने काडेपेटी उचलली...

टप्.

खालच्या ताटलीत टाचणी पडली होती. सर्वांत लांबची.

दिवा अजून पेटलाच नव्हता.

"मी नाही हं," वकीलबाई म्हणाली. आता कोणी हसलं नाही.

टप्.

तिच्या शेजारची.

त्या टोकाला कोणीच नव्हतं. मी सळईला बोट लावलं...

ज्योतीचा चटका नव्हता तो. तापाने फणफणलेल्या माणसाने सळई मुठीत धरून ठेवावी, तशी धग होती.

टप्... टप्...

धग पुढे सरकत होती. बहिणीच्या दिशेने.

एकच टाचणी उरली, अगदी तिच्या पुढ्यात. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. मुलांना बाहेर काढलं.

दारात मुख्याध्यापिका उभ्या. मला वाटलं, संपली हिची नोकरी.

त्या ओरडल्या नाहीत. कोणी केलं, हेही विचारलं नाही. खालच्या आवाजात एवढंच...

"शेवटची पडली का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी श्वास सोडला आणि त्या बहिणीकडे वळल्या. "मग ठीक. ती सळई कपाटात टाका. तुम्हाला कायम केल्याचं पत्र उद्या देते."

"पडली असती तर?" मी विचारलं.

"उन्हातून आलात. पाणी घेता?"

माझा संशय वकीलबाईवरून उठला आणि त्यांच्यावर बसला. अजून तिथेच आहे. हिच्या आधी विज्ञान कोण शिकवायचं, हे मी नंतर पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी पाणीच मिळालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहीण माझ्या घरी आली. हातात पत्र, तोंड मात्र उतरलेलं.

"दादा, मी मोठ्या बाईंना सांगितलं नाही. पत्र मिळालं नसतं रे."

"काय सांगितलं नाहीस?"

"काल सगळे गेल्यावर मी आवरायला परत गेले. तेव्हा शेवटचीही पडली."

"तुझा धक्का लागला असेल."

"मी दारातच होते."

मी दार लावायला उठलो. लोखंडी कडीला हात घातला...

कडी कोमट होती. आमच्या जिन्यात ऊन कधीच येत नाही.

मी हात तसाच ठेवला. धग वाढत होती.

बाहेरून.

आता बहीण माझ्याकडेच राहते. कडी मी काढून टाकली, दाराला लाकडी अडसर बसवला. लाकडातून उष्णता सहजी जात नाही, असं ती वर्गात शिकवते.

रोज दार लावल्यावर ती अडसरावर तळवा टेकवून उभी राहते. कोमट लागतो का, हे मी विचारत नाही. तीही सांगत नाही.